भोंग्यातला नवनीत

वीज आली आणि अख्खं पटांगण श्वास रोखून उभं राहिलं.

त्या सांजेला आमच्या विठ्ठल मंदिरासमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. शहाद्याकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आल्या होत्या, अक्कलकुव्याहून जीप भरून माणसं आली होती. नारळवाले, फुगेवाले, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, सगळ्यांच्या माना सभामंडपाकडे वळलेल्या. तिथे चौरंगावर पांढरं वस्त्र, वस्त्रावर कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरला झेंडूचा हार. पडद्याला कुंकू इतकं फासलेलं की त्यामागची अक्षरं खुद्द विठोबालाही लागली नसती.

शेजारी तरंगनाथ बाबा. डोळे मिटलेले, एक हात कॉम्प्युटरच्या डोक्यावर.

"आत्मा मरता नहीं, बच्चा! आत्मा सिर्फ अपलोड होता है! शरीर गेलं, नेटवर्क चालू आहे! ओम तरंगाय नमः, ओम विद्युताय नमः..."

मंत्र संपला. मंदिरावरचा भोंगा खरखरला आणि त्यातून आवाज आला.

"माय, आयकू ई ऱ्हायनं का?"

आई, ऐकू येतंय का, असं विचारणारा नवनीतचा आवाज. तोच किंचित घोगरा, शेवटचा शब्द वर उचलणारा. बायकांनी हात जोडले. कुणी तिथल्या तिथे दंडवत घातला. माझ्या शेजारी उभ्या नथ्थूने माझं मनगट घट्ट धरलं.

"आयकं का, आप्पा? पोरगं मरीसन वरीस व्हवाले उनं, आनि मायले बलाई ऱ्हायनं!"

मी मात्र समोरच्या ओट्याकडे बघत होतो. तिथे आपल्या दारात शोभाबाई बसली होती, नवनीतची आई. तिने पदराचा बोळा करून तोंडात कोंबला होता. पहिल्यांदा हा आवाज आला तेव्हा ती हातातली परात टाकून रस्त्यात धावली होती आणि भोंग्याकडे तोंड करून ओरडली होती, "ई ऱ्हायनं रे भाऊ, ई ऱ्हायनं!" मग बाबा आले आणि त्यांनी बंदी घातली. तू उत्तर दिलंस की मुलगा मशीनमध्येच अडकतो, म्हणाले. तेव्हापासून मुलगा विचारायचा आणि आई तोंड दाबून बसायची. लोक याला चमत्कार म्हणत होते.

मी दोधू. गाव मला आप्पा म्हणतं. एसटीत वाहक होतो तेव्हा कुठे कीर्तन आहे कळलं की ड्यूटी बदलून घ्यायचो. आता बायको नाही, मुलगा सुरतेला. घरात तांब्या ठेवल्याचाही आवाज मोठा वाटतो. कीर्तन हीच माझी माणसं. नवनीत मला त्यामुळेच जवळचा. डिप्लोमा झालेला पोरगा, पण टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहायचा. मंदिरात कॉम्प्युटर त्यानेच आणला, भोंगा त्यानेच बसवला, आणि इथे झालेलं प्रत्येक कीर्तन त्यानेच त्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं. रोजची तिथी, एकादशी, सूर्यास्त सांगणारा प्रोग्राम तो लिहीत होता. तेवढ्यात विसरवाडीजवळ त्याच्या मोटरसायकलला ट्रकचा धक्का लागला.

पुढे कॉम्प्युटर कापडाखाली पडून होता. मग मोबाइल रिचार्जचं दुकान चालवणाऱ्या लखनने मनावर घेतलं. व्हिडिओ बघून बघून शिकला आणि वीज आली की आपोआप सुरू होईल, तिथी सांगेल, हरिपाठ लावील असा आपला प्रोग्राम त्याने बसवला. पहिल्याच दिवशी, तिथीच्याही आधी, भोंग्यातून नवनीत बोलला. लखन चप्पल सोडून पळाला. पुढे त्याने आपला प्रोग्राम चारचारदा वाचून काढला. त्यात नवनीतचा आवाज कुठेच नव्हता. ज्याने प्रोग्राम लिहिला तोच शपथेवर सांगतो म्हटल्यावर गावाने आणखी काय पुरावा मागायचा?

ही बातमी विसरवाडीच्या नाक्यावर पोचली. तिथे ट्रकवाल्यांना लिंबू-मिरची मंतरून देणारे तरंगनाथ बाबा मुक्काम हलवून आमच्याकडे आले. मंदिरालगतची खोली त्यांना मिळाली. नारळ आले, दानपेटी आली, पेटीला कुलूप आलं. येणाऱ्या अमावास्येला हा कॉम्प्युटर प्रकाशा गावच्या संगमावर तापीत सोडायचा, म्हणजे मुलगा सुटेल, असं त्यांनी जाहीर केलं. शोभाबाईने मान हलवली. मुलगा सुटणार असेल तर आई काय नाही म्हणणार?

मला मात्र हे पटेना. त्या खोक्यात नवनीतचा आवाज होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. त्याचा मोबाइल ट्रकखाली गेला होता. खोकं बुडालं की त्या बाईकडे लेकराचा शब्दही उरणार नव्हता.

मी देव मानतो, आत्मा मानतो. म्हणून गप्प होतो. पण एका सांजेला एक गोष्ट घडली. बाबांचा चेला नेहमी आधी मेन स्विच पाडायचा, मग चढवायचा, आणि बाबा मंत्र सुरू करायचे. त्या दिवशी कॉम्प्युटर अडखळला. मंत्र संपला, भोंगा गप्प. बाबांनी एक डोळा किलकिला करून खोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि मंत्र पुन्हा पहिल्यापासून धरला, या खेपेस चांगला संथ. अरे! बुवांची गाडी यायला उशीर झाला की आमची मंडळी भजन लांबवतात ते मी जन्मभर ऐकलंय. वाट पाहणाऱ्या माणसाचा सूर मला कळतो. बाबा आत्म्याला बोलवत नव्हते. कॉम्प्युटर सुरू व्हायची वाट बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी सुसाना मॅडमकडे गेलो. त्या आमच्या माध्यमिक शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. नवापूरकडच्या डोंगरातल्या, ख्रिस्ती. गावात भाड्याच्या खोलीत एकट्याच राहतात. त्यांच्या दारात बसायला एकच खुर्ची होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या.

"आवाज नेमका कधी येतो, आप्पा?"

"वीज जाऊन आली की."

"वीज असताना मधेच कधी?"

"कधीच नाही. बाबा म्हणतात, आत्मा एका आवाहनाला एकदाच बोलतो."

मॅडम हसल्या. "आत्म्याचं मला माहीत नाही. पण असं वागणारी एक गोष्ट मी नववीच्या मुलांना शिकवते. मला ते मशीन बघायला मिळेल का?"

"बाबा हात लावू देत नाहीत."

"मग सगळ्यांसमोर मागू."

अमावास्येच्या सकाळी ट्रॉली सजली होती. केळीचे खुंट, गुलाल, ताशा. तरंगनाथ बाबा नवी भगवी शाल घेऊन पुढे बसलेले. मॅडम गर्दीतून सभामंडपात आल्या, चप्पल बाहेर काढली आणि मंदिर समितीचे अध्यक्ष अमृतभाऊ यांना म्हणाल्या, "बुडवण्याआधी मला हा एकदा चालवून बघू द्या."

"दखा व बाई, आते हाई उनी!" सरलाबाई बायकांतून ओरडली. "मॅडम, तुम्हना देव येगळा. आम्हना आत्मानं तुम्हले काय समजी?"

"आत्म्याचं नाहीच समजत, सरलाबाई. मला फाइल समजते. आत्म्याचं बाबा बघतील, फाइलचं मी बघते."

बाबा गरजले, "नास्तिक का हाथ लगा तो सर्किट अपवित्र हो जाएगा!"

"मी दर रविवारी चर्चला जाते, बाबा. तुम्ही कुठे जाता?"

मागे कुणीतरी खिकखिकलं. अमृतभाऊ घुटमळले. आणि ओट्यावरून शोभाबाई उठली, पायऱ्या चढून आली.

"दखू द्या तिले," ती म्हणाली. "बुडावानंच शे ना? मंग एकदाव आखो बोलू द्या त्याले."

आईपुढे कोण बोलणार? मॅडमनी रुमालाने पडद्यावरचं कुंकू पुसलं, लखनला शेजारी बसवलं.

"लखन, तुझ्या प्रोग्रामची पहिली ओळ मोठ्याने वाच."

"इम्पोर्ट तिथी." लखनने नवनीतच्या फाइलच्या नावावर बोट ठेवलं. "त्यान्ही तिथीनी फाइल शे ना, मॅडम. गनित त्यान्हं पक्कं व्हतं. म्हनीसन मी तीच वापरी."

"बरोबर केलंस. आता ती फाइल उघडू. वर काय आहे? तिथीचं गणित. सूर्यास्ताचं गणित. आता खाली, अगदी शेवटपर्यंत जा."

लखन खाली गेला आणि थबकला. "आठे तर... आवाज वाजाडानी ओळ शे."

"ही फाइल तू कधी शेवटपर्यंत वाचली होतीस?"

"मी आपलीच वाचू ना, मॅडम! त्यान्ही कसाले वाचू? गनित बरोबर ई ऱ्हायनं व्हतं."

मॅडम गर्दीकडे वळल्या. "ऐका. एका फाइलने दुसरीला इम्पोर्ट केलं, म्हणजे मदतीला बोलावलं, की कॉम्प्युटर ती दुसरी फाइल वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढतो. तिच्यात जे गणित लिहिलंय ते लक्षात ठेवतो. पण जी ओळ नुसतीच 'हे कर' म्हणते, ती वाचता वाचता करूनच टाकतो. शेवटची ओळ म्हणते, आवाज वाजव. तो वाजवतो. पुन्हा मागितली तर म्हणतो, वाचली आहे, आणि गप्प बसतो. वीज गेली की सगळं विसरतो, वीज आली की पुन्हा वाचतो. म्हणून एका आवाहनाला एकदाच."

"सब बकवास!" बाबांनी कमंडलू आपटला.

"बरं. लखन, माईक घे. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

लखनने घाबरत माईकमध्ये म्हटलं, "मन्ही बकरी कोनी दखी का?" मॅडमनी तो आवाज भरून घेतला, तिथीच्या फाइलच्या तळाशी आणखी एक ओळ जोडली, आणि लखनचा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. भोंगा खरखरला. आधी नवनीत, "माय, आयकू ई ऱ्हायनं का?" आणि त्याच्या पाठोपाठ, साऱ्या गावावर, "मन्ही बकरी कोनी दखी का?"

"मंत्र कोणी म्हटला?" मॅडमनी विचारलं. "आणि लखन कधी वारला?"

"मी जित्ता शे व माय!" लखन ओरडला आणि पटांगण फुटलं. नथ्थू हसता हसता खाली बसला. पोरं बकरीसारखी ओरडू लागली.

पण बाबा मुरलेले होते. हसू ओसरू दिलं आणि हळू, गोड आवाजात म्हणाले, "बच्चा, जिवंताचा आवाज ही नक्कल असते. मेलेल्याचा आवाज ही हाक असते. फरक सूक्ष्म आहे. विचारा त्या आईला, हाक कोणाला आली?"

सगळे शोभाबाईकडे वळले. माना पुन्हा डोलू लागल्या. मला वाटलं, गेलं. हातात आलेलं गेलं.

मॅडम खाली उतरल्या, ओट्यावर परतलेल्या शोभाबाईजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. त्यांचा आवाज वर्गातला राहिला नव्हता.

"बाई, नवनीतने हा भोंगा बसवला त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

"कोठे राहसू? ओटावर. त्यानी सांगेल व्हतं, माय तू आयक, माले सांग घरलोंग येस का नई."

"आणि तो?"

"गच्चीवर. भोंगा फिरावे, आनि वरथीन हात हालाडे. मी आठून हात हालाडू, ई ऱ्हायनं रे, ई ऱ्हायनं..."

"त्याच्याबरोबर कोणी होतं?"

"कोन ऱ्हाई? दुपारनी येळ. एकलाच व्हता."

शोभाबाई मंदिराच्या गच्चीकडे बघत होती. मग तिची नजर खाली आली, सभामंडपातल्या माईकवर थांबली, परत गच्चीवर गेली.

"तो वर व्हता," ती सावकाश म्हणाली. "दोन्ही हात भोंगाले. तोंड मिटेल. मी दखं ना, हासी ऱ्हायना व्हता. आनि भोंगामातून तर बोली ऱ्हायना व्हता." ती थांबली. "मंग तो तव्हयबी मशिनमानच बोली ऱ्हायना व्हता."

एकटा पोरगा. वर भोंगा फिरवायचा, खाली माईकवर बोलायला माणूस नाही. म्हणून आपला आवाज भरून ठेवला आणि फाइलच्या तळाशी तात्पुरती एक ओळ टाकली. काम झाल्यावर काढू म्हटलं असेल. तेवढ्याला वेळ मिळाला नाही.

बाबांनी पुन्हा तोंड उघडलं, पण आता शोभाबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तुमी माले बोलू देयेल नई," ती म्हणाली. एवढंच. बाबांची शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी सावरलीच नाही.

मॅडम पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसल्या. "लखनची ओळ मी काढते. नवनीतची ठेवते, फक्त तिच्यावर एक अट घालते. फाइल चालते तेव्हा तिला एक नाव मिळतं. आपण तिला थेट चालवलं तर तिचं नाव असतं 'मेन', म्हणजे मुख्य. दुसऱ्याने मदतीला बोलावलं तर तिचं नाव तिचंच राहतं, 'तिथी'. तर अट अशी, नाव 'मेन' असेल तरच पुढची ओळ कर."

लोक एकमेकांकडे बघू लागले. इथे मला राहवेना. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती!

"अरे, आपल्या कीर्तनात काय असतं?" मी उभा राहिलो. "बुवा पुढे उभे राहतात, निरूपण करतात. तेच बुवा दुसऱ्याच्या कीर्तनाला आले तर मागे टाळकऱ्यांत उभे राहतात. ध्रुपद धरतात, टाळ वाजवतात, पण आपलं निरूपण सुरू करत नाहीत. माणूस तोच, विद्या तीच. उभं राहण्याआधी तो मनाशी विचारतो, आजचं कीर्तन कोणाचं? नवनीतच्या फाइलला हे विचारायचं राहून गेलं. लखनने तिला टाळ धरायला बोलावलं आणि तिने आपलंच निरूपण सुरू केलं!"

"मंग असं सांगा ना!" नथ्थू म्हणाला.

लखनने आपला प्रोग्राम सुरू केला. भोंग्याने तिथी सांगितली, अमावास्या. मग हरिपाठ. नवनीत बोलला नाही.

"आत्मा रुसला!" बाबांचा चेला बारीक आवाजात ओरडला.

मॅडमनी तिथीची फाइल थेट चालवली. "माय, आयकू ई ऱ्हायनं का?"

"रुसवा लवकर गेला," अमृतभाऊ म्हणाले, आणि बाबांच्या खोलीची किल्ली मागितली. लोक सजलेली ट्रॉली सोडून पेटीभोवती जमले. त्या गडबडीत तरंगनाथ बाबा कोणत्या तरंगावरून गेले कोणी पाहिलं नाही. पेटी मात्र राहिली. नारळ शाळेत वाटले.

गर्दी ओसरली. जत्रा संपल्यावर गाव जास्तच रिकामं वाटतं. सभामंडपात आम्ही तिघं उरलो. शोभाबाई कॉम्प्युटरच्या हारातली सुकलेली फुलं तोडत होती.

"म्हंजे तो माले बलाई नई ऱ्हायना व्हता," ती म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. शहाणपणाचं काम संपलं होतं, आणि जे उरलं होतं त्याला फाइल नव्हती. मी खोटं बोललो असतो तर त्या बाईला बरं वाटलं असतं. एक शब्द पुरला असता. पण इतके दिवस तिला खोटंच तर मिळालं होतं.

"आता नाही, वहिनी," मी म्हणालो. "आता कोणीच बोलवत नव्हतं. त्या दिवशी दुपारी बोलवलं होतं. आणि तुम्ही उत्तर दिलं होतं. त्याला ते पोचलं. तो हसला, तुम्हीच सांगितलंत."

ती रडली. पहिल्यांदाच मोकळ्या तोंडाने, पदराशिवाय. आम्ही तिला थांबवलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मॅडम चर्चहून परतल्यावर आम्ही त्या कॉम्प्युटरमधली कीर्तनं काढली. मॅडमनी सगळ्याच्या नकला आणखी दोन ठिकाणी ठेवल्या, एक शोभाबाईच्या घरी. मागच्या माघातलं, नवनीत असतानाचं एक कीर्तन लावलं. बुवांचा आवाज पुढे, मागे टाळकऱ्यांचा मोठा गलका. शोभाबाई कान देऊन बसली. मग एकदम तिने बोट वर केलं.

"हाऊ. हाऊ मन्हा."

हा माझा, म्हणजे नवनीतचा आवाज; मॅडमना तो ओळखू आला नाही. मी आयुष्यभर कीर्तनं ऐकली, मलाही त्या गलक्यातून एक आवाज वेगळा काढता आला नाही. तिला आला. यात चमत्कार नाही. ती त्याची आई आहे आणि ती लक्ष देऊन ऐकत होती.

मी माळकरी माणूस. उद्याही मंदिरात जाईन, परवाही. म्हणूनच हात जोडून सांगतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांचं घर फार शांत असतं. त्या शांततेत कोणी आवाज दिला की माणूस दार उघडतो, मी पण उघडीन. उघडा. पण आवाज कुठून आला ते आत जाऊन बघा, स्विच कोणाच्या हातात आहे ते बघा, आपण लिहिलेलं वाचता तसं दुसऱ्याने लिहिलेलंही खालपर्यंत वाचा. आणि जो म्हणेल की विचारू नका, उत्तर देऊ नका, त्याला तिथून उठवून लावा. विचारल्याने देव बाटत नाही. आणि शेजारी कोणी एकटं बसलेलं असेल तर बाबा तिथे पोचायच्या आधी तुम्ही जा. आम्ही उशिरा गेलो.